पुडीवरील आकडे आणि त्यांचे मूळ

धान्याच्या व्यापाऱ्याने धान्याविषयी लिहावे. रंग, खार आणि डिंक यांचे पुराण त्याने कशास मांडावे, असे स्मरणिकेच्या वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु डिचोलीच्या काय किंवा पेडण्याच्या काय, बाजारात निव्वळ पोत्यांवर चालणारी दुकाने आज किती उरली आहेत? पोत्यांच्या शेजारी पुड्यांची फळी आली आणि पुडीबरोबर तिच्या पाठीवरील बारीक अक्षरेही आली. चातुर्मासात एखादी वयोवृद्ध भगिनी बिस्किटांचा पुडा पुढे करून "शेटजी, हे आम्हांस चालेल ना?" असे विचारते, तेव्हा ती आपले व्रत आमच्या शब्दावर सोपवीत असते. अशा वेळी हिरव्या ठिपक्याकडे बोट दाखविणे सोपे असते. तो ठिपका नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही याचा विचार व्हावा, म्हणून हा लेख लिहावयास घेतला आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. रसायनशास्त्रात आमचा अधिकार नाही. मालाचे गाव विचारावे ही व्यापाऱ्याची सवय. तिच्याच आधाराने ही माहिती जमविली आहे.

पदार्थाला रंग, आंबटपणा, घट्टपणा, चकाकी वा टिकाऊपणा यावा म्हणून अल्प प्रमाणात जे घालतात, त्यास या लेखापुरते आपण 'मिश्रद्रव्य' म्हणू. युरोपात १९६२ साली प्रथम रंगांना आकडे मिळाले. पुढे सर्व जगासाठी तीच पद्धत वाढविण्यात आली. आपल्याकडील पुडीवर 'आय.एन.एस.' या अक्षरांपुढे जो आकडा असतो तो याच पद्धतीतला होय. आकडा दिसला की विष समजणारे लोक आहेत; आणि आकडा सरकारमान्य आहे म्हणजे पुढे काही विचारावयास नको, असे मानणारेही आहेत. १०० म्हणजे आपल्या हळदीचा रंग, ३०० म्हणजे आवळ्यात असते ते 'क' जीवनसत्त्व, ४१४ म्हणजे बाभळीच्या कुळातील झाडांचा डिंक, हे पाहिले म्हणजे पहिल्या मताचा फोलपणा कळतो. दुसऱ्या मताचे उत्तर ४७१ या आकड्यात आहे. पावात, बिस्किटांत, आइसक्रीममध्ये तेल आणि पाणी एकजीव करणारे हे द्रव्य सोयाबीन वा ताडाच्या तेलापासून होते, तसेच ते प्राण्यांच्या चरबीपासूनही होऊ शकते. आणि दोहोंचा आकडा एकच असतो. आकडा द्रव्याचे नाव सांगतो, त्याचा जन्म सांगत नाही.

मिश्रद्रव्ये ही साहेबांची व कारखान्यांची करणी, असा एक समज आहे. आमच्या मते तो बरोबर नाही. पापडखार घेऊ. आज तो कारखान्यात तयार होतो, पण मूळचा सज्जीखार म्हणजे खाऱ्या जमिनीत उगवणाऱ्या झुडपांची राख. हिंग घेऊ. इराण-अफगाणिस्तानच्या कोरड्या डोंगरांतील एका झाडाच्या मुळास चिरा देऊन काढलेला तो चीक. तो इतका उग्र की पिठात व डिंकात बांधल्यावाचून स्वयंपाकात वापरता येत नाही. म्हणूनच त्यास बांधणी हिंग म्हणतात. ज्या रोग्यास गहू वर्ज्य आहे त्याने हिंगाच्या डबीवरील अक्षरे अवश्य वाचावीत. आपल्या देशात या झाडाची पद्धतशीर लागवड पालमपूरच्या सरकारी संस्थेने १५ ऑक्टोबर २०२० रोजी हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात सुरू केली. हजारो वर्षे हिंग खाणाऱ्या देशाला एवढा उशीर का लागावा, हे एक नवलच आहे.

चुन्याची गोष्ट आपल्या किनाऱ्याची आहे. घाटावर चुना दगडाचा; कोकणात व गोव्यात मात्र शिंपल्या आणि खुबे भाजून चुना करण्याची चाल जुनी आहे. हाच चुना पानास लागे, हाच भिंतीस. कोहळ्याचा पेठा करावयाचा तर फोडी आधी चुन्याच्या निवळीत ठेवाव्या लागतात. विडा हा शुद्ध वनस्पतीचा पदार्थ अशी आपली समजूत, आणि त्यावरील पांढरे बोट शिंपल्याचे! म्हणूनच जुन्या काळचे चोखंदळ श्रावक दगडी चुना विचारून घेत असत.

वरखाविषयी तर आपल्या समाजात पुष्कळ बोलणे झाले आहे. वरखात चांदी १००० भागांत ९९९ भाग असावी असा दंडक आहे, आणि चांदी हे खनिज असल्याने तिच्याविषयी शंका नाही. शंका आहे ती हत्याराविषयी. चांदीचे तुकडे जनावराच्या आतड्याच्या वा कातड्याच्या पातळ पदरांच्या वहीत ठेवून ती वही हातोड्याने ठोकण्याची रीत पिढ्यानपिढ्या चालत आली. मिठाईवर पडणाऱ्या वरखात कातडे नसते, पण कातड्यावाचून तो वरख झालेला नसतो. २०१६ साली केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वरख करताना प्राणिजन्य साहित्य कोणत्याही टप्प्यावर वापरू नये अशी अधिसूचना काढली. यंत्रावर, कृत्रिम कागदाच्या पदरांत ठोकलेला वरखही मिळतो. मंदिरातील अंगीसाठी वरख घेणाऱ्यांनी व मिठाईवाल्यांनी पुरवठादारास हा एक प्रश्न विचारलाच पाहिजे.

आता ज्या जिनसेसाठी मुख्यतः हा लेख लिहिला, तिच्याकडे वळू. ती जिन्नस म्हणजे लाख.

लाखेचा किडा मोहरीच्या दाण्याहूनही लहान असतो. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांदीवर असे हजारो किडे बसतात, सालीत सोंड खुपसून रस शोषतात, आणि अंगातून एक चिकट राळ सोडतात. ती राळ वाळून फांदीभोवती कवच बनते. मादी त्या कवचातच वाढते, त्यातच अंडी घालते आणि त्यातच मरते. फांद्या तोडून कवच खरवडले की कांडी लाख झाली. ती कुटून, धुऊन दाणा लाख होते. आणि दाणा लाख वितळवून पातळ पत्र्यासारखी ओढली की चपडा लाख. धुण्याच्या पाण्यात जो तांबडा रंग उतरतो, त्यापासून पूर्वी बायकांच्या पायांचा अळिता होत असे. झारखंड, छत्तीसगड आणि मध्य प्रदेश येथील जंगलांत आदिवासी बांधव हे पीक घेतात. रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली लाखेच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली, यावरून या धंद्याचा पसारा लक्षात यावा. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या लाखेच्याच होत्या. आमच्या वयाच्या वाचकांनी त्या हाताळल्या असतील.

ही लाख पोटात कशी जाते? मद्यार्कात विरघळवून ती पातळ थराने लावली की पदार्थास सुंदर चकाकी येते आणि दमट हवेतही तो चिकट होत नाही. गोव्याच्या पावसाळ्यात ह्या गुणाचे मोल काय, हे सांगावयास नको. चॉकलेटच्या चकचकीत गोळ्या, रंगीत साखरगोळ्या, औषधांच्या काही वड्या, परदेशातून येणारी तकतकीत सफरचंदे, यांच्यावर पुष्कळदा लाखेचा लेप असतो. पुडीवर तिचा आकडा ९०४.

वाचकांपैकी अनेकांना श्रावकाचार ठाऊक आहे. गृहस्थाने टाळावयाचे जे पंधरा व्यापार, ज्यांस कर्मादान म्हणतात, ते 'उपासकदशांग' सूत्रात सांगितले आहेत, आणि बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी आपल्या 'योगशास्त्र' ग्रंथात त्यांचा विस्तार केला आहे. त्यात लाक्षावाणिज्य स्वतंत्र नाव घेऊन सांगितले आहे. नीळ आणि टाकणखार यांचीही गणना आचार्यांनी त्याच सदरात केली आहे. दंतवाणिज्य, केशवाणिज्य, विषवाणिज्य यांच्या पंक्तीस लाख का बसली, हे वर सांगितलेली रीत वाचल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. धान्य, कापड आणि सराफी यांकडे आपल्या पूर्वजांचा ओढा राहिला, त्यात या यादीचा वाटा मोठा असावा असे आम्हांस वाटते. डिचोली तालुक्यात कुडणे येथील गुजीर आणि नार्वे येथील जैन कोट यांचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. त्या काळी तेथे वावरणाऱ्या श्रावकांनी वखारीत लाख ठेवावी की नाही, हा प्रश्न सोडविण्यास त्यांना पुडीवरील अक्षरांची गरज नव्हती. लाख लाखेच्याच रूपात समोर येत असे.

आजचा पेच वेगळा आहे. आपल्या देशात शाकाहारी पदार्थांवर हिरवी खूण आणि मांसाहारी पदार्थांवर तपकिरी खूण छापण्याचे बंधन २००१ सालापासून आले. २०२० च्या लेबलविषयक नियमांत मांसाहारी पदार्थाची व्याख्या दिली आहे. तिच्यात पशू, पक्षी, कीटक, जलचर, अंडी आणि प्राण्यांपासून मिळणारे सर्व पदार्थ आले; परंतु त्यातून दूध व दुधाचे पदार्थ, मध, मधमाशीचे मेण आणि चपडा लाख वगळली आहेत. म्हणजे ज्या गोळीवर लाखेचा लेप आहे तिच्यावर कायद्याने हिरवाच ठिपका येतो. त्यात कारखानदाराची लबाडी नाही आणि दुकानदाराचाही गुन्हा नाही. कायद्याने सर्व समाजांसाठी एक रेघ आखावयाची असते, ती त्याने आखली. पण मध वर्ज्य मानणाऱ्या, लाखेचा व्यापारही टाळावा असे ज्याच्या शास्त्रात सांगितले आहे त्या श्रावकाची रेघ निराळी आहे, आणि ती त्याच्याकरिता दुसरा कोणी पुडीवर छापणार नाही.

लाखेचा एक दूरचा भाऊबंद आहे. मेक्सिको आणि पेरू या देशांत फड्या निवडुंगावर पांढऱ्या भुकटीने झाकलेले किडे असतात. ते गोळा करून, वाळवून, कुटले की किरमिजी रंग निघतो. एका पौंड रंगास सुमारे ७०,००० किडे लागतात असा हिशोब देतात. स्पॅनिश लोकांनी ह्या रंगावर शतकानुशतके अपार पैसा मिळविला. तो पैसा पाहून इंग्रजांसही मोह झाला, आणि १७९५ साली एका इंग्रज कप्तानाने ब्राझीलमधून हे किडे कलकत्त्यास आणले. पण किडा निघाला रानटी जातीचा. रंग हिणकस आला, निवडुंग मात्र फस्त झाला. पुढे १९२६ च्या सुमारास श्रीलंकेतून आणलेल्या दुसऱ्या एका जातीने दक्षिणेतील निवडुंगाची बने उजाड केली, तेव्हा शेतकऱ्यांनी त्या किड्यास दुवाच दिला.

हा रंग खाद्यपदार्थांत १२० या आकड्याने येतो. गुलाबी दही, जेली, सरबते, मिठाया, विशेषतः परदेशी माल, यांत तो आढळतो. २०१२ साली अमेरिकेतील स्टारबक्स या कॉफीच्या प्रसिद्ध दुकानदारांनी आपल्या गुलाबी पेयात हा रंग वापरल्याचे उघड झाले, शाकाहारी ग्राहकांनी ओरड केली, आणि कंपनीने त्याऐवजी टोमॅटोचा रंग घेतला. येथे बंधूंना एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे. १२० आणि १२२ यांची गल्लत करू नये. १२२ या रंगाचे इंग्रजी नाव 'कार्मोइसिन' आहे व १२० चे 'कार्माइन'. नावे ऐकण्यास सारखी, पण १२२ हा कारखान्यात रासायनिक रीतीने केलेला रंग आहे, त्यात किडा नाही. तो आरोग्यास कितपत चांगला हा प्रश्न निराळा. व्रताच्या दृष्टीने त्याला दोष देता येत नाही.

तांबडा-पिवळा रंग हवा असेल तर तो परसातही मिळतो. शेंदरीचे झुडूप कोकणपट्टीत पुष्कळांनी पाहिले असेल. केसाळ बोंडे, आत तांबड्या बिया, बोट लावले की शेंदूर लावल्यासारखे होते. लोणी व चीज यांस जगभर जो पिवळा रंग देतात त्यातला मोठा भाग याच बियांचा, आकडा १६० (ब). हे झाड मूळचे अमेरिकेतील, मिरची, काजू व पपई यांच्याच मुलखाचे. मिरचीवरून आठवले: पेडणे तालुक्यातील हरमल मिरचीस २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिचे मोल तिखटाइतकेच रंगाचे आहे. आणि ब्याडगीच्या मिरचीचा रंग काढून तो देशोदेशी अन्नास देण्याचा केवढा तरी व्यापार चालतो. येथे व्रताचा प्रश्न नाही, भेसळीचा काय तो आहे.

आंबटपणाची कथा याहून चमत्कारिक आहे. किराण्याच्या दुकानातून 'लिंबूसत्त्व' म्हणून जे पांढरे खडे विकतो, ते लिंबाचे आहेत असे गिऱ्हाईक धरून चालते. एके काळी ते खरेच लिंबाचे होते. शेले नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७८४ साली लिंबाच्या रसातून ते प्रथम वेगळे केले, आणि पुढे इटलीतील लिंबांवर हा व्यापार चालत असे. १९१७ साली अमेरिकेत करी नावाच्या संशोधकाने दाखविले की एक काळी बुरशी साखरेच्या पाण्यावर वाढविली असता तेच आम्ल विपुल तयार करते. दोन वर्षांत कारखाना उभा राहिला, आणि इटलीच्या लिंबांचा बाजार बसला. आज जगातील बहुतेक सर्व लिंबूसत्त्व, आकडा ३३०, उसाची मळी किंवा मक्याची साखर यांवर वाढविलेल्या त्याच बुरशीचे असते. ही काळी बुरशी कशी दिसते हे पाहावयाचे असल्यास साठवणीतील कांद्याची साल पाहावी. तेथे काजळासारखी जी भुकटी दिसते ती बहुधा याच बुरशीची. जो कांदा आपण घरात आणीत नाही त्याच्यावरील बुरशीने आपले सरबत आंबट केले! बुरशी शेवटी गाळून टाकतात, खड्यांत ती राहत नाही. तरीपण लीलण-फुलणीस अनंतकाय मानणाऱ्या व्रतीने हे सत्त्व घ्यावे की न घ्यावे, हे त्याने आपल्या गुरुमहाराजांस विचारावे. आम्ही ते सांगणार नाही. आमचे म्हणणे एवढेच की विचारताना वस्तुस्थिती खरी सांगावी. आणि ज्याला शंकाच नको त्याच्यासाठी चिंच आहे, भिरंडीची सोलां आहेत. दोहोंना या दोन्ही तालुक्यांत तोटा नाही.

किण्वनाची हीच विद्या दुसऱ्या ठिकाणी श्रावकाच्या बाजूने उभी राहिली आहे. जपानात १९०८ साली इकेदा यांनी समुद्रवनस्पतीच्या काढ्यातून एक रुचकर क्षार काढला, तो आपल्याकडे 'अजिनोमोटो' म्हणून प्रसिद्ध आहे, आकडा ६२१. प्रारंभी तो गव्हातील चिकट सत्त्वापासून करीत, आता उसाच्या मळीपासून करतात. त्याची गोष्ट सरळ आहे. त्याचा जोडीदार ६३१ मात्र कोदामा यांना १९१३ साली सुकविलेल्या माशात सापडला, आणि मासे व मांस यांपासून तो पुष्कळ वर्षे काढला गेला. शेवया आणि बटाट्याच्या कापांच्या पाकिटांवर हा आकडा असतो, आणि त्यावरून आपल्या घरांतून वाद होतात. आता तो पिष्ठमय पदार्थांवर जंतू वाढवूनही करतात. तेव्हा हिरव्या खुणेच्या पाकिटावरील ६३१ वनस्पतीचा असू शकतो, पण आकड्यावरून ते कळत नाही. राम गौ रक्षा दल या संस्थेच्या अर्जावर दिल्ली उच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०२१ रोजी नेमके हेच म्हटले. न्यायालयाने ६३१ चे उदाहरण घेऊन सांगितले की, कारखानदाराने घटकद्रव्ये केवळ सांकेतिक आकड्यांनी न सांगता ती वनस्पतीची, प्राण्यांची की प्रयोगशाळेत केलेली, हे उघड केले पाहिजे. आपल्या ताटात काय आहे हे जाणण्याचा प्रत्येकास हक्क आहे. न्यायाधीशांनी व्यापाऱ्याच्या मनातलेच बोलून दाखविले.

धान्याच्या व्यापाऱ्याने तांदळाविषयी न लिहिता पुढे जाणे बरे नव्हे. २०२१ च्या स्वातंत्र्यदिनी पंतप्रधानांनी सरकारी योजनांतून पोषणयुक्त तांदूळ देण्याची घोषणा केली, आणि मार्च २०२४ पर्यंत तो देशभर पोहोचविण्यात आला. त्यात शंभर दाण्यांमागे एक दाणा तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल व 'ब-१२' जीवनसत्त्व मिसळून यंत्रावर पाडलेला असतो. तो दाणा रंगाने किंचित वेगळा दिसतो, धुताना कधी तरंगतो. त्यावरून 'प्लॅस्टिकचा तांदूळ' ही आवई उठली आणि लोकांनी ते दाणे निवडून टाकले, म्हणजे पोषण तेवढे फेकले. 'ब-१२' निसर्गतः प्राणिजन्य अन्नात मिळते हे खरे. पण कारखान्यातील 'ब-१२' सूक्ष्म जंतूंच्या किण्वनाने तयार होते, मांसापासून नव्हे. शाकाहारी माणसाला याच जीवनसत्त्वाची उणीव अधिक भासते, हेही ध्यानात ठेवावे.

मिठाविषयीही अशीच भीती पसरली आहे. ५३६ या आकड्याच्या द्रव्यामुळे मीठ दमटपणातही मोकळे राहते. त्याच्या इंग्रजी नावात 'सायनाइड' शब्द येतो, म्हणून लोक घाबरतात. लोहाशी घट्ट बांधलेल्या त्या रूपात, किलोमागे काही मिलिग्रॅम एवढ्या प्रमाणात, ते विषारी ठरत नाही. मौज अशी की, अठराव्या शतकात हे द्रव्य जनावरांचे रक्त व शिंगे पोटॅशबरोबर भाजून काढीत. जर्मन भाषेत त्याच्या नावात अजून 'रक्त' हा शब्द आहे. आज ते निव्वळ रासायनिक रीतीने होते. पेडण्याच्या आगरवाड्यातील मिठागरांच्या जाड्या मिठात मात्र याचा प्रश्नच येत नाही. ते पाऊस लागला की पाझरते, एवढाच त्याचा दोष.

बेकरीचा माल घेताना ९२० हा आकडा पाहावा. कणीक लवकर मऊ व्हावी म्हणून वापरतात ते हे द्रव्य. ते पक्ष्यांची पिसे आणि केस यांपासून काढीत आले आहेत, जरी आता ते किण्वनानेही होते. गोव्याचा जुना पदेर पिठात माडाची सूर घालून पाव फुगवीत असे. त्यामुळे आपल्या जुन्या घरांतून पाव येत नसे, ते निराळ्या कारणाने. जिलेटिनविषयी फारसे लिहीत नाही. ते हाडे व कातडी यांचे आहे, हे आता सर्वांस ठाऊक आहे. फक्त औषधांच्या कुप्या विसरू नयेत. त्या जिलेटिनच्याच असतात. लाकडाच्या तंतूपासून केलेल्या कुप्याही मिळतात, औषधविक्रेत्यास विचारावे. जेली गोठविण्यास चायना ग्रास घेतात, ते समुद्रातील तांबड्या शेवाळाचे. गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यावर अशी शेवाळे उगवतात, आणि दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्यांचा पुष्कळ अभ्यास केला आहे. शेवाळही अनंतकायांत येते, तेव्हा हिरवा ठिपका असूनही येथे काहींना अडेल.

गवारीचे उदाहरण आपल्या धंद्यास जवळचे. राजस्थानातील गवारीच्या बियांचा डिंक, आकडा ४१२, आइसक्रीमला घट्टपणा देतो. आणि तोच डिंक अमेरिकेत जमिनीतून तेल व वायू काढण्यास लागू लागला, तेव्हा २०११-१२ मध्ये गवारीचे भाव असे काही भडकले की मार्च २०१२ मध्ये सरकारी नियामकाने वायदा बंद केला. ज्या बीस कोणी विचारीत नव्हते तिच्या पोत्यांवर राखण बसविण्याची पाळी आली.

भिरंडीचेही तसेच. आपल्याकडे टाचांच्या भेगांना लावतात ते भिरंडेल बियांतून काढतात. युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटमध्ये कोको लोण्याव्यतिरिक्त जी सहा वनस्पती-स्निग्धे मर्यादित प्रमाणात चालतील अशी यादी केली, तिच्यात भिरंडेल आहे. आंब्याच्या कोयीचे तेल आहे आणि सालबियांचेही आहे. पेडण्याच्या कुळागरात भिरंडीच्या बिया वाळत न घालता फेकून देणाऱ्यांनी हे ऐकावे.

१९०५ च्या स्वदेशी चळवळीत परदेशी साखर हाडांच्या कोळशातून गाळतात म्हणून लोकांनी ती सोडली. १९८३ साली वनस्पती तुपात परदेशी चरबी मिसळल्याचे प्रकरण देशभर गाजले, तेव्हा गिऱ्हाइकांनी प्रथम जाब विचारला तो दुकानदारास. म्हणून आमची सूचना अशी आहे. ४७१, ६३१, ९०४, ९२० आणि १२० हे पाच आकडे ज्या मालावर असतील, त्याच्या कारखानदारास आपल्या संघाच्या नावाने पत्र लिहावे. उत्तरात 'शाकाहारी' एवढाच शब्द आला तर पुन्हा लिहावे, आणि द्रव्य वनस्पतीचे, खनिज, किण्वनाचे की किड्याचे, असे स्पष्ट विचारावे. कारण ९०४ विषयी 'शाकाहारी' हे उत्तर कायद्याप्रमाणे खरेच असते. आलेली उत्तरे एका वहीत तारखेसह चिकटवून ती वही संघाच्या कचेरीत सर्वांस पाहावयास ठेवावी. कारखानदार माल बदलतो तसे द्रव्याचे मूळही बदलते, म्हणून दरवर्षी पत्रे नव्याने जावीत. आणि पर्युषण व दशलक्षण पर्वांपूर्वी उत्तरे हाती यावयाची असतील, तर ती आषाढ लागण्यापूर्वीच टपालात पडली पाहिजेत.